प्रातःकालीन हृल्लास आणि रविवारचा उपशय

जून महिन्यात शाळा सुरू होऊन पंधरवडा लोटला, की बहुतेक वैद्यांच्या चिकित्सालयात एक ठरावीक जोडी येऊ लागते. बारा ते अठरा वर्षे वयाचा मुलगा अथवा मुलगी आणि सोबत त्रासलेली आई. तक्रार अशी, की सकाळी उठल्यापासून मळमळते, तोंडाला पाणी सुटते, दुधाचा पेला समोर आला की उमासे येतात. उलटी मात्र क्वचितच होते आणि दहा-अकरा वाजेपर्यंत सारे आपोआप शांत होते. रक्त, लघवी, सोनोग्राफी या तपासण्या निर्दोष असतात. ‘ॲसिडिटी’च्या गोळ्यांच्या तीन-चार पट्ट्या संपलेल्या असतात. घरातील कोणीतरी एव्हाना निकालही देऊन टाकलेला असतो, की ही शाळा चुकविण्याची सोंगे आहेत.

अशा रुग्णासाठी व्यवस्थापत्र लिहिणे अत्यंत सोपे आहे आणि हीच या विषयातील खरी अडचण होय. सूतशेखर, कामदुधा, जेवणानंतर एखादा आसव असे लिहिण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. काही दिवस बरे वाटते, पुन्हा तेच सुरू होते. आमच्या मते या वयातील सकाळच्या मळमळीचे निदान नाडी, जिव्हा आणि उदर यांच्या परीक्षेइतकेच रुग्णाच्या घड्याळात आणि दिनदर्शिकेत दडलेले असते. ते तेथे शोधल्यावाचून औषध देणे म्हणजे निदानपंचकातील उपशय हे चौथे अंग सोडून देणे होय.

प्रथम परिभाषेविषयी थोडेसे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात हृदयोत्क्लेश, कफप्रसेक आणि अन्नद्वेष ही छर्दीची पूर्वरूपे सांगितली आहेत. आपला हा रुग्ण महिनोन्महिने पूर्वरूपातच थांबलेला असतो. व्याधी पुढे सरकत नाही आणि मागेही फिरत नाही. सकाळ हा कफाचा काळ, म्हणून सकाळची मळमळ कफज, हे समीकरण विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच पाठ केले आहे. परंतु तीच वेळ रिकाम्या आमाशयाची आहे, रात्रिजागरणाने वाढलेल्या वाताची आहे आणि आदल्या रात्री उशिरा घेतलेल्या आहाराच्या अपक्व रसाचीही आहे. सुश्रुतोक्त रसशेष अजीर्णाचे वर्णन या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. उद्गार शुद्ध असतो, आंबट-जळजळ काही नसते, तरीही अन्नाची इच्छा होत नाही आणि हृदयप्रदेशी जडपणा वाटतो. हे वर्णन आपल्या कित्येक किशोरवयीन रुग्णांना तंतोतंत लागू पडते. याची चिकित्सा म्हणून आचार्यांनी पाचक चूर्ण सांगितलेले नाही, निद्रा सांगितली आहे. आम्लोद्गार, दाह, कडवट तोंड यांपैकी काहीही नसताना केवळ मळमळ आहे म्हणून ‘पित्त’ लिहून मोकळे होण्याचा प्रघात आपल्या व्यवसायात फारच रूढ झाला आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते.

अर्वाचीन शास्त्रानेही या लक्षणाकडे उशिराच लक्ष दिले. पोटाच्या क्रियात्मक विकारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘रोम’ निकषांत बालके व किशोरवयीन यांच्यासाठी क्रियात्मक मळमळ ही स्वतंत्र अवस्था २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत प्रथम समाविष्ट झाली. किमान दोन महिने, आठवड्यातून किमान दोनदा त्रासदायक मळमळ, तिचा जेवणाशी सहसा संबंध नाही, दर वेळी उलटी नाही आणि योग्य तपासणीनंतरही अन्य कारण सापडत नाही, असे तिचे स्वरूप सांगितले आहे. ‘योग्य तपासणीनंतर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण न सापडणे आणि कारण न शोधणे यांत फरक आहे.

प्रथम वगळावयाच्या गोष्टी

माधवनिदानात आगंतुज छर्दीचे जे भेद दिले आहेत त्यांत बीभत्सजा, दौहृदजा, आमजा, असात्म्यजा आणि कृमिजा यांचा उल्लेख येतो. हा क्रम आजही कामाचा आहे आणि त्यातील दौहृदजेचा विचार सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत करण्यास आपण कचरतो. कचरून चालणार नाही. आईला काही मिनिटे बाहेर बसवून, घरातील अथवा चिकित्सालयातील स्त्री सहकारी उपस्थित ठेवून, शेवटच्या मासिक पाळीची तारीख शांतपणे विचारावी. शंका वाटल्यास मूत्रपरीक्षण करावे. हा प्रश्न प्रत्येक मुलीला विचारण्याची रीतच ठेवली, म्हणजे कोणा एकीला तो आरोपासारखा वाटत नाही. गर्भधारणा आढळली आणि वय अठराच्या आत असेल, तर २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९ अन्वये कळविण्याचे दायित्व वैद्यावरही येते, हे आपल्या बांधवांनी ध्यानात ठेवावे. मुलीला घाबरवून सोडणे हा त्या दायित्वाचा भाग नव्हे. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे सुरक्षित पोहोचविणे हा आहे.

दुसरी गोष्ट डोकेदुखीची. पहाटे झोपेतून जागे करणारी डोकेदुखी, उलटी झाल्यावर तिला मिळणारा उतार, चालताना जाणारा तोल, एकाच्या दोन वस्तू दिसणे, अक्षर बिघडणे यांपैकी काहीही आढळल्यास औषधाचा एकही दिवस न दवडता नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटलाची तपासणी आणि मेंदूचे चित्रण करवून घ्यावे. कवटीतील दाब वाढल्याची ही लक्षणे असू शकतात. तहान, वारंवार लघवी आणि घटते वजन असेल, तर रक्तशर्करा त्याच क्षणी पाहावी. किशोरवयातील मधुमेह पुष्कळदा मळमळ-उलटीच्या रूपानेच दाराशी येतो आणि त्याला उद्याची वाट पाहण्याची सवड नसते. लघवी गडद असेल तर कावीळ डोळ्यांत उतरण्यापूर्वीच तिचा संशय घ्यावा. हिरवट-पिवळी पित्ताची उलटी, रक्त, काळे पडत चाललेले हात व हिरड्या, थांबलेली उंची ही सर्व पुढे पाठविण्याची लक्षणे आहेत.

याखेरीज काही साध्या गोष्टी विचारावयाच्या राहून जातात. नाक चोंदणे आणि घशात उतरणारा कफ. अनेक दिवसांचा मलावष्टंभ. चेहऱ्यावरील पुळ्यांसाठी चालू असलेले डॉक्सिसायक्लीन, जे पुष्कळ मुले घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवी होतात. शाळेतून मिळणारी लोहाची निळी गोळी, जी अन्नानंतर घ्यावयाची असूनही घरी आणून रिकाम्या पोटी घेतली जाते. ग्रामीण भागात मिश्री. आजीच्या डबीतील चिमूटभर मिश्री दातांना लावून दिवस सुरू करणाऱ्या शाळकरी मुली आम्ही पाहिल्या आहेत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरीही मुलांच्या खिशात काय असते हे त्यांच्या दातांवर वाचता येते. महाविद्यालयीन वयाच्या मुलांत गांजाच्या दीर्घ सेवनानेही सकाळची मळमळ व वारंवार छर्दी होते. अशा रुग्णांना गरम पाण्याच्या स्नानाने तेवढ्यापुरते बरे वाटते, ही त्याची चमत्कारिक खूण २००४ साली ऑस्ट्रेलियातील चिकित्सकांनी प्रथम नोंदविली. हा प्रश्न पालकांसमोर विचारून उत्तर मिळत नाही, हे सांगणे नलगे.

एक परीक्षण मात्र आपल्या हातातले आहे आणि ते आपण करीत नाही. नाडी आपण सर्वच जण पाहतो, परंतु बसलेल्या रुग्णाची. उंची झपाट्याने वाढलेल्या, उठताच डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्या मुलांची नाडी प्रथम पाच-दहा मिनिटे आडवे निजवून मोजावी आणि नंतर उभे करून दहा मिनिटांपर्यंत मोजत राहावे. या वयात रक्तदाब न घसरता गती मिनिटाला चाळीस अथवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढत असेल, तर मळमळीचे मूळ आमाशयात नसून उभे राहताना होणाऱ्या रक्ताभिसरणाच्या गोंधळात असू शकते. अशांना हृदयतज्ज्ञाचे मत घेऊन पुरेसे पाणी, अन्नातून योग्य प्रमाणात मीठ आणि अंथरुणातून टप्प्याटप्प्याने उठण्याची सवय यांनी पुष्कळ उतार पडतो.

रविवार काय सांगतो

वरील सर्व वगळल्यावर जो मोठा समूह उरतो, त्याच्यासाठी आम्ही एकच प्रश्न प्रथम विचारतो. रविवारी मळमळते काय?

‘नाही’ असे उत्तर आले, की आईवडिलांच्या चेहऱ्यावर विजयाची छटा उमटते. सोंग सिद्ध झाले! वस्तुतः सिद्ध काहीच झालेले नसते. रविवारी शाळा नसते हे खरे, परंतु रविवारी पहाटे उठणेही नसते, घाईचे दूध नसते आणि हलणारी बसही नसते. चार कारणे एकाच दिवशी हटली असता श्रेय एकालाच कसे द्यावे? म्हणून उपशय-अनुपशय पद्धतीने ती एकेक करून वेगळी काढावी लागतात.

आमच्याकडे आलेला नववीतील एक विद्यार्थी. शिकवणी रात्री साडेआठला सुटे, जेवण दहाला होई, त्यानंतर भ्रमणध्वनी हातात घेऊन साडेबारा वाजत आणि पहाटे पावणेसहाला आई उठवी. रविवारी तो साडेनऊला उठे आणि निरोगी असे. आम्ही वडिलांना सुचविले, की येत्या रविवारी त्याला नेहमीप्रमाणेच झोपू द्या, परंतु पावणेसहाला उठवा. शाळा, दूध, बस यांपैकी काहीही नको. त्या रविवारी नेहमीसारखीच मळमळ झाली आणि सोंगाचा विषय त्या घरात कायमचा मिटला. पुढील दोन आठवडे रात्रीचे जेवण शिकवणीच्या आधी आणि निद्रा दहाला, एवढाच पालट केला. औषध काहीही दिले नाही. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळची तक्रार आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली.

याच्या अगदी उलट एक तेरा वर्षांची मुलगी. तिची मळमळ रविवारी संध्याकाळीच सुरू होई. तिच्या आईने सहज बोलता बोलता सांगितले, की दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी चार वाजता उठून, तेल-उटणे लावून, पहाटेच चिवडा आणि करंज्या खाऊनही तिला काही होत नाही. यापेक्षा स्पष्ट उपशय कोणता हवा? पहाट, जागरण, तळलेले पदार्थ ही तिन्ही निर्दोष ठरली. दोन-तीन भेटींनंतर मुलगी बोलली. शाळेच्या गाडीत मोठ्या वर्गातील मुली तिच्या बोलण्यातील अडखळण्याची रोज नक्कल करीत. चरकाचार्यांनी द्विष्टार्थसंयोगज छर्दी सांगितली आणि तिच्या चिकित्सेत मनास अनुकूल वाणी, आश्वासन, हर्षण यांना औषधांच्या बरोबरीचे स्थान दिले, ते अशाच रुग्णांसाठी असावे. शाळेशी बोलणे, बसण्याची जागा बदलणे आणि समुपदेशकाची मदत यांनी तिचा त्रास दोन-अडीच महिन्यांत ओसरला.

आणि ज्या मळमळीला रविवार नसतो, सुट्टी नसते, सण नसतो, तिच्याविषयी मात्र सदैव सावध असावे. अकरावीतील एक मुलगा मे महिन्याच्या सुट्टीत, आजोळी असतानाही पहाटे मळमळीने जागा होत असे. चार महिने अम्लपित्ताची औषधे चालू होती. डोके दुखते काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘थोडेसे, पण ओकल्यावर थांबते.’ त्याच दिवशी त्यास नेत्रतज्ज्ञाकडे पाठविले; दृष्टिपटलावर सूज आढळली आणि लहान मेंदूजवळची गाठ चित्रणात दिसली. शस्त्रकर्म वेळेवर झाले.

या वयाच्या निद्रेविषयी पालकांना एक गोष्ट समजावून सांगणे अगत्याचे आहे. वयात येताना शरीराचे अंतर्गत घड्याळच पुढे सरकते. निद्रा आणणारा मेलाटोनिन हा स्राव रात्री उशिरा सुरू होतो. मुलाला दहा वाजता झोप येत नाही यात केवळ हट्ट नसतो. तेरा ते अठरा वर्षे वयासाठी आठ ते दहा तासांची निद्रा आवश्यक मानली जाते. सुश्रुत सोळा वर्षांपर्यंत बाल्य मानतात, तर चरक त्या वयापर्यंत धातू अपरिपक्व असल्याचे सांगतात, हे पालकांना सांगितले की त्यांना ते पटते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे निर्देश दिले. परंतु ज्यांचे घड्याळ खऱ्या अर्थाने पुढे सरकलेले असते ती सातवी ते बारावीची मुले त्यात नाहीत. ती सातच्या घंटेला धावतच आहेत. म्हणून पालट रात्रीत करावा लागतो आणि तोही क्रमाने, दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे. एकदम दोन तास अलीकडे झोपविण्याचा प्रयत्न हमखास फसतो.

आहार आणि औषध

सकाळच्या दुधाविषयी आमचे मत कित्येक मातांना रुचत नाही. मळमळणाऱ्या मुलास कफकाळी, घाईत, चॉकलेटची पूड घातलेले पेलाभर दूध आणि वर केळे देणे यांत पोषण कमी आणि हट्ट अधिक असतो. दूध काही काळ बंद करावे अथवा संध्याकाळी द्यावे. त्याने अपाय होत नाही आणि दुधातील शर्करा न पचणारी मुले त्यामुळे आपोआप ओळखू येतात. उठल्यावर प्रथम अंथरुणातच मूठभर साळीच्या लाह्या कोरड्या अथवा पाण्यात भिजवून किंचित साखर व वेलदोडा घालून घोटघोट घ्याव्यात. चरकोक्त छर्दिनिग्रहण महाकषायात लाजा, दाडिम, मातुलुंग, उशीर ही द्रव्ये आहेत. ती सर्व घरात किंवा बाजारात सहज मिळतात. नंतर तासाभराने मऊ भात वा पेज, आणि पोटभर खाणे मधल्या सुट्टीच्या डब्यात. रिकाम्या पोटी चहा बंद. रात्रीच्या जेवणाआधी आल्याचा पातळ काप सैंधवासह द्यावा. रसशेषाचा संशय असल्यास रात्रीचे जेवण निद्रेपूर्वी किमान दोन तास, आणि तेही मुगाची खिचडी अथवा ज्वारीची भाकरी-भाजी इतके हलके असावे.

औषधांची योजना प्रत्येक वैद्य आपल्या अनुभवानुसार करीलच. दाह व आम्लता स्पष्ट असेल तेथे कामदुधेचा उपयोग होतो. सूतशेखराविषयी मात्र हात आखडता घ्यावा असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. त्याच्या पाठात पारद, ताम्रभस्म, वत्सनाभ आणि धत्तूरबीज आहेत. अशुद्ध ताम्राने वांती व भ्रम होतो असे रसशास्त्राचे ग्रंथ बजावतात. वत्सनाभाची मात्रा चुकल्यास तर मळमळच होते. वाढत्या वयात, निदान अनिश्चित असताना आणि गर्भधारणा वगळलेली नसताना असा रसकल्प महिनोन्महिने चालू ठेवण्याचे समर्थन करता येत नाही.

जेथे काहीच कारण हाती लागत नाही, तेथे मुलास तसे स्पष्ट सांगावे, की मळमळ खरी आहे, घातक नाही आणि ती पूर्ण जाण्याआधीही शाळेत जाता येईल. पहिल्या तासाला दाराजवळचा बाक, पाण्याची बाटली, खिशात लाह्यांची पुडी आणि उमासा आल्यास न विचारता बाहेर जाण्याची शिक्षकांची अनुमती, एवढ्या सोयीने गैरहजेरी थांबते. घरी बसविल्याने मात्र मळमळ मुक्काम ठोकते. मन फार खचलेले दिसल्यास मानसतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

औषधविक्रेत्या बांधवांस

या मुलांना वैद्यापेक्षा आधी आपणच पाहता. वत्सनाभ, धत्तूर, पारद आदी द्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये येतात आणि त्यांपासून केलेल्या पोटात घ्यावयाच्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच सेवन करण्याची सूचना असणे नियम १६१ प्रमाणे बंधनकारक आहे. ती सूचना ग्राहकास वाचून दाखविण्याची सवय ठेवावी. डॉम्पेरिडोन हृदयाच्या गतीवर परिणाम करू शकते म्हणून युरोपीय औषध नियामकांनी २०१४ मध्ये त्याचा वापर अल्प मात्रेत आणि साधारण आठवड्यापुरता मर्यादित केला. आपल्याकडे त्याच्या पट्ट्या महिनाभर सहज जातात. मेटोक्लोप्रमाइडने किशोरवयीनांची मान व डोळे एकाएकी वाकडे होऊन घरात हाहाकार उडाल्याची उदाहरणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. एकाच मुलासाठी तिसरी पट्टी मागावयास कोणी आले, तर ती न देता त्यास चिकित्सकाकडे धाडावे. विक्री एका पट्टीने कमी होईल.

चिकित्सकांनी पहिल्या भेटीतच मुलाच्या हाती एक साधी वही द्यावी. झोपण्याची व उठण्याची वेळ, रात्रीचे जेवण, सकाळची मळमळ शून्य ते दहापैकी किती, डोकेदुखी आहे की नाही, आणि वार. नोंद मुलानेच करावी, आईने नव्हे. पंधराव्या दिवशी वही पाहावी, वजन करावे. वजन किलोभर जरी घटले असेल अथवा वहीतील रविवार इतर वारांसारखाच असेल, तर त्याच दिवशी पुढील तपासणीचे पत्र लिहून द्यावे.